काय दिसलं तुला?

१९८४ च्या उन्हाळ्यात अजित तेंडुलकर आपल्या अकरा वर्षांच्या धाकट्या भावाला घेऊन शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या शिबिरात गेले, तेव्हा त्या मुलाची पहिली चाचणी काही बरी झाली नाही. सर समोर उभे होते आणि त्यांच्या नजरेखाली मुलाची बॅट नेहमीसारखी चालत नव्हती. तेव्हा अजितनी सरांना विनंती केली की, त्याला आणखी एक संधी द्या, पण या वेळी तुम्ही निघून गेल्यासारखे करा आणि लांबून पाहा. सरांनी ते मानले. ते नेटपासून दूर गेले, झाडाआडून पाहत राहिले, आणि आता कोणी पाहत नाही अशा समजुतीने मोकळेपणी खेळणाऱ्या त्या मुलाला त्यांनी शिबिरात घेतले. खुद्द सचिननेच ही हकिकत अनेकदा सांगितली असल्यामुळे ती आपल्याला पाठ आहे, आणि आपण ती नेहमी त्या मुलाच्या बाजूने सांगतो: केवढी मोठी गुणवत्ता केवळ संकोचापायी हुकली असती, वगैरे.

मला मात्र या गोष्टीत झाडाआडचा माणूस अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे. आपल्या समोर असण्यानेच समोरच्याचे काम बिघडते आहे, हे मान्य करणे कोणत्याही अधिकारी माणसाला सोपे नसते, आणि तेही एका तरुण पालकाच्या सांगण्यावरून मान्य करणे तर त्याहून अवघड असते. सरांनी ते सहज केले असेल किंवा कुरकुरत केले असेल, पण केले. आपण दिसणे महत्त्वाचे नाही, आपल्याला दिसणे महत्त्वाचे आहे, हा त्या कृतीमागचा हिशेब होता. आयुष्यभर कोणाच्या नजरेस न पडण्याची कला साधत आलेल्या माझ्यासारख्या बुजऱ्या बाईला या हिशेबात एक वाट दिसते. लपून राहण्याचे कसब आमच्यापाशी असतेच; ते आजवर केवळ स्वतःच्या बचावासाठी वापरले गेले, एवढेच.

मी पाण्याची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते आणि काही वर्षांपूर्वी सेवाज्येष्ठतेच्या नियमाने दहाबारा जणांच्या विभागाची प्रमुख झाले. सेवाज्येष्ठतेचा उल्लेख मुद्दाम केला, कारण निवड झाली असती तर माझी झाली नसती. फोन करण्याआधी काय बोलायचे ते कागदावर लिहून घेणारी, लग्नसमारंभात पहिल्या पंगतीला जेवून यजमानांची नजर चुकवून घरी येणारी, आणि बैठकीत मनात जुळवत असलेले वाक्य दुसऱ्याच कोणाच्या तोंडून ऐकून सुटकेचा निःश्वास टाकणारी, अशी माझी जात आहे. आपल्याकडे नेतृत्व म्हटले की डोळ्यांसमोर माइक, शाल आणि श्रीफळ येते. गावच्या मंडळापासून कार्यालयापर्यंत जो बोलतो तो पुढारी, असा एक साधा नियम आहे, आणि नेतृत्वविकासाची म्हणून जी शिबिरे भरतात त्यांत शिकवतात तेही बहुधा बोलायलाच. अशा शिबिरात मी गेलेली आहे. तिथे शिकवलेली उभे राहण्याची पद्धत, हातांच्या हालचाली आणि श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहण्याच्या युक्त्या यांपैकी काहीही माझ्या अंगी लागले नाही, आणि लागले असते तरी नायट्रेटच्या नोंदी अधिक अचूक झाल्या असत्या असे मला वाटत नाही.

माझे शिक्षण झाले ते सांगलीतल्या एका मैदानाच्या कट्ट्यावर. मुलगी खो-खो खेळायला लागली, तिला संध्याकाळी सोडायचे आणि सराव संपला की घरी आणायचे, यात मधला वेळ घरी जाऊन परत येण्याइतका नसे. बाकीच्या आया गप्पा मारत आणि मी, गप्पा मारता येत नसल्यामुळे, सरांकडे पाहत बसे. सर म्हणजे एका शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक, अंगाने किरकोळ, आवाजाने त्याहून किरकोळ. मुली येण्याआधी ते एकटेच येऊन मैदानाला फक्की मारत, दोन्ही खांब हलवून घट्ट आहेत का ते पाहत, खांबाभोवतीच्या मातीतले खडे वेचत, कारण खांबाजवळ सूर मारणाऱ्या मुलीचे कोपर आधी तिथेच फुटते. मग शर्टाच्या खिशातून छोटी वही काढून तीत काहीतरी लिहीत. सराव सुरू होण्याआधी त्यांचे अर्धे काम झालेले असे आणि ते होताना पाहायला माझ्याखेरीज कोणीही नसे.

खो-खो हा खेळ मी तोवर नीट पाहिलेला नव्हता. आठ जणी मधल्या रेषेवर, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेल्या असतात आणि नववी पाठलाग करते. तिला एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. पळणारीला मात्र हवे तसे वळता येते, हूल देता येते, बसलेल्या दोघींच्या मधून नागमोडी साखळी धरून पळता येते. म्हणजे नियमांनीच पाठलाग करणारीला एकटीने जिंकणे जवळजवळ अशक्य करून ठेवले आहे. तिने योग्य क्षणी, योग्य जागी बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचे आणि आपण तिच्या जागी बसायचे. अख्ख्या खेळात बोलावा लागणारा शब्द हा एकच, पण तो हळू म्हणून किंवा उशिरा म्हणून चालत नाही. हे सगळे क्षणाच्या अंशात घडते, तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाने ओरडून सांगितलेली सूचना मैदानात पोहोचेपर्यंत शिळी झालेली असते. तरीही ओरडणारे प्रशिक्षक पुष्कळ असतात. स्पर्धांच्या वेळी शेजारच्या संघाचे एक सर पूर्ण डावभर, एखाद्या सामन्याचे धावते वर्णन करावे तसे, आपल्या मुलींना काय करायचे ते सांगत राहत आणि त्या मुली दर दोन पावलांनी त्यांच्याकडे पाहत. आमचे सर हाताची घडी घालून उभे असत. सुरुवातीला मला वाटले की, हेही माझ्यासारखेच, चारचौघांत आवाज न फुटणारे असावेत. असतीलही. पण त्यांचे गप्प राहणे आणि माझे गप्प राहणे यांत फरक होता, आणि तो कळायला मला बराच काळ लागला.

डाव संपला, मुली धापा टाकत पाण्याकडे गेल्या, की सर एखादीला बाजूला घेत, तिच्यासमोर उकिडवे बसत आणि विचारत, “काय दिसलं तुला?” सुरुवातीच्या काळात मुली उत्तरादाखल माफी मागत. “सर, चुकलं माझं, खो उशिरा दिला.” त्यावर ते पुन्हा तेच विचारत, “ते राहू दे. दिसलं काय?” मग हळूहळू मुलगी आठवू लागे की, पळणारी वळण्याआधी डावा खांदा खाली घेत होती, किंवा ती खांबाजवळ आल्यावर दर वेळी आतल्या बाजूनेच सुटत होती. सर वहीत पाहत, त्यांनी टिपलेले तिच्या सांगण्याशी ताडून पाहत, आणि एकच वाक्य सांगत. “तिचा खांदा खाली आला की तू उठायच्या तयारीत राहा.” झाले. त्यापुढे प्रवचन नाही, जिद्द, चिकाटी, तालुक्याचे नाव वगैरे काही नाही. मुलगी परत पळे आणि सर दुसरीला हाक मारत.

या एका वाक्याची किंमत किती असते, याचा एक फार चांगला पुरावा बास्केटबॉलच्या इतिहासात आहे. जॉन वुडन हे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत त्यांच्या संघाने दहा वेळा अमेरिकेचे विद्यापीठीय अजिंक्यपद मिळवले. त्यांच्या शेवटच्या हंगामात रोलँड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ सरावाच्या वेळी बाजूला बसून त्यांच्या तोंडून निघणारी प्रत्येक गोष्ट नोंदवत होते. २,३२६ नोंदी झाल्या. स्तुती होती ६.९ टक्के, नाराजी ६.६ टक्के, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश बोलणे म्हणजे निव्वळ माहिती: पाय असा ठेव, चेंडू आता दे, असा नव्हे असा. बहुतेक सूचना काही सेकंदांत संपणाऱ्या होत्या. एवढे थोडके बोलून भागावे यासाठी हे गृहस्थ रोज सकाळी आपल्या सहायकांबरोबर सुमारे दोन तास बसून त्या दिवसाच्या सरावाचा मिनिटामिनिटाचा आराखडा करत आणि तो लहान कार्डांवर लिहून खिशात ठेवत. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना मोजे कसे चढवायचे ते शिकवत, कारण मोज्याची चुणी राहिली की फोड येतो आणि फोड आला की खेळाडू बाहेर बसतो. हे वाचले तेव्हा मला खांबाजवळचे खडे वेचणारे आमचे सर आठवले. एक गोष्ट इथे विसरू नये: वुडन त्या विद्यापीठात आले १९४८ मध्ये आणि त्यांचे पहिले अजिंक्यपद १९६४ चे. म्हणजे मोजे, कार्डे आणि आराखडे दीड दशकाहून अधिक काळ त्या यशाविना चालू होते.

बुजऱ्या माणसाला हे आकडे धीर देतात, कारण जे त्याला जमत नाही, म्हणजे चेतवणे, भारावून टाकणे, सभा जिंकणे, त्याचा वाटा यात नगण्य आहे. आणि जे त्याला जमण्यासारखे आहे, म्हणजे तयारी करणे, पाहणे आणि नेमके तेवढे सांगणे, तेच बहुतांश आहे. पण हा धीर फुकट मिळत नाही. नेमके सांगायचे तर आधी नेमके पाहिलेले असावे लागते, आणि इथे आम्ही कच्चे असतो. लोकांचा समज असा की, कमी बोलणारी माणसे फार निरीक्षण करतात. माझा स्वतःबद्दलचा अनुभव वेगळा आहे. चारचौघांत बसले की माझे सगळे लक्ष माझ्याकडेच असते: मी अवघडून बसले आहे का, माझे हात कुठे आहेत, आता माझ्यावर बोलायची पाळी आली तर. समोरच्या माणसाने काय म्हटले हे त्या गडबडीत अर्धेच ऐकू येते. संकोच हा पुष्कळदा स्वतःचाच अखंड चाललेला विचार असतो, आणि आपण त्याला उगाच नम्रतेच्या खात्यात जमा करतो. प्रशिक्षकाला तो परवडत नाही. नऊ मुली धावत-बसत असताना स्वतःच्या हातांचा विचार करायला त्याला सवडच नसते, आणि मला वाटते, किरकोळ आवाजाच्या आमच्या सरांचे सारे अवघडलेपण मैदानात गळून पडत होते ते धाडसामुळे नव्हे, तर दुसरीकडे लक्ष गुंतल्यामुळे.

प्रयोगशाळेत मी हे करून पाहिले. आमच्याकडे पाण्याचा कठीणपणा (त्यातल्या क्षारांचे प्रमाण) मोजताना नमुन्यात दर्शक, म्हणजे रंग बदलून दाखवणारे द्रव्य, घालतात, तो मद्यासारखा लाल होतो, मग ब्युरेट या खुणा असलेल्या काचनळीतून ईडीटीए या रसायनाचे द्रावण थेंबाथेंबाने सोडत जायचे आणि लाल छटा पूर्ण जाऊन निळा रंग आला की थांबायचे. दोन थेंब जास्त पडले तर कठीणपणा वाढलेला दिसतो. नव्याने लागलेल्या एका मुलीचे आकडे इतरांपेक्षा सतत थोडे वरचे येत होते आणि तिला समज द्यावी असे विभागातल्या जाणत्यांचे मत होते. समज देणे म्हणजे तिला केबिनमध्ये बोलावणे, आणि या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा आला. त्याऐवजी मी तिच्या शेजारच्या टेबलावर माझे काम घेऊन बसले आणि पाहत राहिले. सकाळचे तिचे आकडे ठीक येत होते, बिघडत होते ते दुपारनंतरचे. तिचे टेबल भिंतीकडे होते, दुपारी तिथे खिडकीचा उजेड पोहोचत नसे आणि वरचा पिवळा दिवा लावावा लागे. त्या पिवळ्या उजेडात लाल कधी संपले आणि निळे कधी झाले हे कळणे अवघडच होते. ती खात्री करून घेण्यासाठी आणखी एकदोन थेंब सोडत होती. मी तिला विचारले, “दुपारी रंग कसा दिसतो तुला?” ती म्हणाली, “मॅडम, जांभळाच दिसत राहतो.” टेबल खिडकीकडे हलवले, खाली पांढरी फरशी ठेवली, आकडे जुळले. याला नेतृत्व म्हणावे की सुतारकाम, हे ज्याने त्याने ठरवावे, पण त्या दिवसापासून विभागातली माणसे अडचणी घेऊन माझ्याकडे येऊ लागली, जे आधीच्या माझ्या दोन भाषणांनी घडले नव्हते.

आता इथे एक धोका आहे आणि तो पुन्हा आचरेकर सरांच्याच उदाहरणात आहे. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोपाचे भाषण करताना सचिनने सांगितले की, गेल्या एकोणतीस वर्षांत सरांनी मला कधीही ‘छान खेळलास’ म्हटले नाही, कारण मी सैलावेन असे त्यांना वाटे. आपण सगळे तेव्हा गहिवरलो. परंतु ज्यांना कौतुकाचे शब्द तोंडातून काढणे मुळातच जड जाते, अशा माझ्यासारख्या माणसांनी हा दाखला आपल्या सोयीने वापरू नये. त्या मुलाचे कौतुक करायला घर होते, भाऊ होता, पुढे सगळा देश होता. आणि यष्टीवर ठेवलेले एक रुपयाचे नाणे होते. पूर्ण सत्रभर बाद न होता खेळलास तर ते नाणे तुझे, असा तो करार. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. सर तोंडाने बोलत नसले तरी दाद देण्याची त्यांची एक पद्धत होती, दिसणारी आणि मुठीत धरता येणारी. शिवाय ते गरजेला गप्प राहणारेही नव्हते. आपला सराव सामना सोडून शाळेच्या मोठ्या संघाला टाळ्या वाजवायला वानखेडेवर गेलेल्या सचिनला त्यांनी सगळ्यांसमोर चपराक दिली आणि दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवू नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असे खेळ, असे बजावले, हेही सचिननेच सांगितले आहे. चपराक त्या काळाची होती आणि ती त्या काळातच राहिलेली बरी. पण वाक्य वेळेवर आले होते.

गप्प वरिष्ठाच्या गप्पपणात हाताखालची माणसे आपापल्या भीतीप्रमाणे अर्थ भरत असतात. मी अहवाल वाचून सही करून परत पाठवला की, ‘मॅडम काही बोलल्या नाहीत, म्हणजे काहीतरी चुकलंय’, अशी चर्चा बाहेर चाले, हे मला फार नंतर एका शिपायाकडून कळले. खो-खोचे सर मोठ्याने बोलत नसत, पण मुलीने नीट खो दिला की दर वेळी, कंटाळा न करता, ‘बरोबर’ म्हणत. शाबासकी नव्हे, उत्तेजन नव्हे, फक्त ‘बरोबर’. त्यामुळे ते गप्प राहिले की मुलींना कळे की, या वेळी काहीतरी पाहण्यासारखे आहे. मी तो शब्द त्यांच्याकडून जसाच्या तसा उचलला. अहवालावर सहीशेजारी लिहायलाही तो सोपा आहे.

बुजऱ्या माणसांबद्दल आणखी एक गोष्ट मला राहुल द्रविडमुळे नीट दिसली. २०१८ मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकल्यावर क्रिकेट मंडळाने त्याला ५० लाख, खेळाडूंना प्रत्येकी ३० लाख आणि सहायक प्रशिक्षक, फिजिओ आदी मंडळींना प्रत्येकी २० लाख जाहीर केले. ही विषमता द्रविडला पटली नाही आणि त्याने ती मंडळाकडे बोलून दाखवली. शेवटी त्याच्यासह सगळ्या सहायकांना सारखेच २५ लाख मिळाले, म्हणजे त्याचे स्वतःचे निम्मे झाले. स्वतःसाठी मागायला ज्याची जीभ उचलत नाही, तो माणूस दुसऱ्यासाठी मागताना पुष्कळदा अडखळत नाही, असे मी माझ्याबाबतीतही पाहिले आहे. माझ्या रजेचा अर्ज मी दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवते. पण कंत्राटी सहायकांचे थकलेले मानधन मागायला मी वरिष्ठांच्या दालनात गेले, तेव्हा कागदावर लिहून न्यायचे मला सुचलेही नाही. द्रविडने भारत ‘अ’ संघ सांभाळताना आणखी एक पथ्य पाळले: दौऱ्यावर नेलेल्या प्रत्येक खेळाडूला किमान एक तरी सामना मिळाला पाहिजे. उमेदीच्या काळात दौऱ्यावर जाऊन न खेळता परत येणे काय असते हे त्याला ठाऊक होते. बाजूला बसलेल्यांचा विचार बाजूला बसलेला माणूसच नीट करतो, असे मी म्हणणार होते, पण ते खरे नाही. बाजूला बसलेली कितीतरी माणसे खुर्ची मिळताच ते विसरतात. (तोच द्रविड २०२४ मध्ये बार्बाडोसला विश्वचषक हातात आल्यावर जो आरडाओरडा करत नाचला, तो पाहून मात्र माझ्यासारख्या अनेकांनी आपापल्या दिवाणखान्यात सुटकेचा श्वास सोडला असेल. आम्हालाही ओरडता येते. फक्त जरा उशीर लागतो.)

बाजूला बसण्याचा अनुभव अमोल मुजुमदारइतका कोणाला असेल? १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी शारदाश्रम शाळेसाठी ६६४ धावांची भागी रचत असताना पॅड बांधून पुढच्या क्रमांकाची वाट पाहत बसलेला मुलगा तो. पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा करूनही त्याला भारताकडून एकही सामना मिळाला नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेतल्या दोन गोष्टी मी लक्षात ठेवल्या आहेत. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ३३९ धावांचे लक्ष्य समोर असताना त्याने फळ्यावर एवढेच लिहिले की, अंतिम फेरीसाठी आपल्याला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी आहे. जेमिमा रॉड्रिग्सने नाबाद १२७ केल्या आणि ती एक धाव मिळाली. बोलायला जड जाते त्याने लिहावे, हा उपाय इतका साधा आहे की, कोणत्याही शिबिरात तो सांगत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेच्या दारात आता एक पांढरा फळा आहे आणि त्यावर दिवसाला एकापेक्षा जास्त वाक्य लिहायचे नाही, असा माझा मलाच घातलेला नियम आहे.

दुसरी गोष्ट तिच्या उलट आहे. त्याआधी इंदूरला इंग्लंडविरुद्ध हातातला सामना संघाने चार धावांनी घालवला, तेव्हा एरवी शांत असणारे मुजुमदार सर ड्रेसिंग रूममध्ये कडक बोलले, आणि ते मनापासून बोलतात हे ठाऊक असल्यामुळे कोणी वाईट वाटून घेतले नाही, असे कर्णधार हरमनप्रीतने नंतर सांगितले. हे मला सर्वांत कठीण जाते. बुजऱ्या माणसाचा राग बहुधा दोनच रूपांत बाहेर येतो: महिनोन्‌महिने साठून एकदम, भलत्याच कारणावर, किंवा तिरकस शेऱ्यांतून. योग्य प्रसंगी, योग्य मापाचा, दुसऱ्या दिवशी संपणारा राग ही सरावाची गोष्ट आहे. खो-खोचे सर वर्षातून एखाददुसऱ्या वेळी कडक होत, तेही बहुतेकदा हरल्याबद्दल नव्हे, तर एकीने दुसरीची टिंगल केल्याबद्दल. बोलून झाले की लगेच तिलाच काहीतरी काम सांगत: खांब पुसून घे, चेंडू नव्हेत पण शिट्ट्या तरी मोजून ठेव, काहीही. त्यामुळे मुलीला रागानंतर कुठे उभे राहायचे हा प्रश्न पडत नसे. मी हे शिकते आहे. अजून माझा आवाज अशा वेळी थरथरतो, आणि तो थरथरत असतानाही वाक्य पुरे करायचे, इतपत माझी प्रगती आहे.

मैदानावरचे सगळेच कार्यालयात लागू पडत नाही, हे सांगायला हवे. प्रशिक्षकाचे वय आणि अधिकार मुलींना आधीच मान्य असतात. माझ्या विभागात माझ्याहून वयाने मोठे दोघे आहेत आणि त्यातल्या एकांना मी अजून ‘काका’ म्हणते, तेव्हा त्यांच्यासमोर उकिडवे बसून ‘काय दिसलं तुम्हाला?’ विचारण्याचा प्रश्न येत नाही. खेळात डावाच्या शेवटी गुण दिसतात. आमच्याकडे काम चांगले झाले तर काहीच घडत नाही, कोणत्याही गावात कोणी आजारी पडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल कोणाच्या पाठीवर हात ठेवायचा हे अवघडच असते. शिवाय वरिष्ठांच्या बैठका आहेतच. तिथे झाडाआड उभे राहण्याची सोय नाही. तिथे मी अजूनही दाराजवळची खुर्ची पकडते.

येत्या पावसाळ्यात गावोगावचे पाण्याचे नमुने गोळा करण्याच्या कामाला एक प्रमुख हवा होता. जंतूंच्या तपासणीचा नमुना बर्फाच्या पेटीतून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो, आणि कृष्णा-वारणेला पूर आला की आमच्याकडचे कोणते रस्ते कधी बंद होतील हे सांगता येत नाही. मी जिचे टेबल हलवले होते तिचे नाव सुचवले. ती माझ्याहून बुजरी आहे. तिने नेहमीचे उत्तर दिले, “मॅडम, मला बोलता येत नाही.” वरिष्ठांनी तिला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला पाठवण्याची तयारी दाखवली, ती मी लेखी कळवून नाकारली. तिला मी फक्त एवढे सांगितले की, गेल्या पावसाळ्यात कोणता नमुना कुठे अडकला, त्याची यादी करून आण. ती आठवड्याने यादी घेऊन आली. तीत पुलांवर पाणी चढण्याचा क्रम होता, कोणत्या गावात बर्फ मिळतो आणि कोणत्या गावात मिळत नाही ते होते, आणि शेवटी, जरा बिचकत लिहिलेली एक नोंद होती: उशीर झालेल्या नमुन्यांपैकी बरेचसे पुरामुळे नव्हे, तर चालकांची जेवणाची सुट्टी आणि नमुने उचलण्याची वेळ एकच असल्यामुळे अडकले होते. इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. तिने त्यावरून नवे वेळापत्रक केले आहे आणि चालकांना ते आधी दाखवून त्यांच्याकडून दोन दुरुस्त्याही करून घेतल्या आहेत. सोमवारी सगळ्या पथकांची पहिली बैठक आहे. वेळापत्रकाच्या प्रती काढून झाल्या आहेत. बोलायला आधी कोणी उभे राहायचे, हे तेवढे आमच्या दोघींत अजून ठरायचे आहे.